तीन पौंडांची पावती

आम्हां येरवडेकरांना एक थट्टा जन्मभर ऐकावी लागते. "कुठे राहता?" या प्रश्नाला "येरवड्यात" असे उत्तर दिले की समोरचा गृहस्थ डोळे मिचकावून विचारतो, "कुठल्या भिंतीच्या आत? तुरुंगाच्या, की वेड्यांच्या इस्पितळाच्या?" ही दोन थोरली घरे आमच्या वस्तीत असल्यामुळे हा विनोद आमच्या पाचवीलाच पुजलेला आहे. पूर्वी मला त्याचा राग येई. पुढे शाळेत इतिहास शिकवू लागलो, तेव्हा कळले की या तुरुंगाच्या भिंतीआड जेवढा इतिहास घडला, आणि लिहिलाही गेला, तेवढा पुण्यातल्या फार थोड्या वाड्यांच्या वाट्याला आला असेल. तेव्हापासून मी ताठ मानेने सांगतो, "तुरुंगाजवळ!"

या तुरुंगाची आणि एका साध्या पावतीची गाठ माझ्या मनात यंदाच्या श्रावणात पडली. ती घरगुती हकीगत आधी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

आमची नात दोन वर्षांपूर्वी शिकायला परदेशी गेली. शिक्षण संपले, नोकरी लागली, आणि तिथे राहण्याचा परवाना वाढवून मिळावा म्हणून तिने अर्ज केला. फी भरायच्या दिवशी तिचे कार्ड कशाने तरी अडले, म्हणून तिच्या वडिलांनी इथून, आमच्या माजघरात बसून, आपल्या कार्डावर फी भरली. बँकेचा निरोप ताबडतोब आला: खात्यातून एवढे पैसे गेले. सगळे निश्चिंत झाले. महिन्याभराने रात्री अकरा वाजता नातीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "आजोबा, कचेरीचे पत्र आलंय. फी भरल्याची पावती जोडलेली नाही म्हणतात. पंधरा दिवसांत पाठवली नाही तर अर्ज अपुरा म्हणून परत करणार. आणि अर्ज परत आला तर मला इथे राहायचा हक्कच उरत नाही."

बँकेचा कागद पाठवला. तो चालेना. पैसे तुमच्या खात्यातून गेले एवढेच त्यावरून दिसते, आमच्याकडे कशासाठी जमा झाले ते दिसत नाही, असे उत्तर आले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की "पैसे गेले" आणि "पैसे मिळाले" ही दोन अगदी निराळी वाक्ये आहेत. पहिले देणारा बोलतो, दुसरे घेणारा. घेणारा आपले वाक्य कागदावर उतरवून देतो, त्यालाच आपण पावती म्हणतो.

आमच्या सौभाग्यवतींना हे तत्त्वज्ञान शिकवावे लागत नाही. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला त्यांची एक वाकडी तार टांगलेली आहे, आणि तिच्यावर विजेच्या बिलापासून पिठाच्या गिरणीच्या चिठ्ठीपर्यंत सगळे टोचलेले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, पैसे दिले की कागद हातात घ्यावा, हे पूर्वी शेंबड्या पोरालासुद्धा कळत होते."

मुलगा या कचेरीतून त्या कचेरीत फोन फिरवीत होता. माझा काहीच उपयोग नव्हता. झोप येईना, म्हणून कपाटातून एक जुने पुस्तक काढले. गांधीजींनी लिहिलेला दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास.

हे पुस्तक आमच्या शेजारचे आहे असे मी म्हणतो, ते उगाच नव्हे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच त्यांना येरवड्यास आणले. इथेच २६ नोव्हेंबर १९२३ रोजी त्यांनी हा इतिहास सांगायला सुरुवात केली. सांगणारे ते आणि लिहून घेणारे इंदुलाल याज्ञिक, दोघेही कैदी. जवळ संदर्भाची पुस्तके नाहीत, कागदपत्रे नाहीत. सगळा भार स्मरणशक्तीवर. पहिली तीस प्रकरणे अशी तुरुंगात तयार झाली. जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्स उद्भवले, १२ तारखेच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली, आणि ५ फेब्रुवारीला सुटका झाली. उरलेला भाग बाहेर आल्यावर पुरा झाला.

मी हे पुस्तक वर्गात अनेकदा वापरले होते. पण पावतीच्या काळजीने जागा असलेल्या माणसाने ते वाचावे, तसे कधी वाचले नव्हते. त्या रात्री दिसले की हा सगळा लढा आरंभापासून अखेरपर्यंत कागदांचा लढा आहे. परवाने, दाखले, अंगठे आणि पावत्या! आणि त्यात एक आकडा पुन्हा पुन्हा येतो: तीन पौंड.

पहिले तीन पौंड ट्रान्सवालचे. तिथे तेव्हा बोअर लोकांचे राज्य होते. १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने त्यांनी ठरवले की, व्यापारासाठी येऊन स्थायिक होणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाने आठ दिवसांच्या आत नाव नोंदवावे आणि २५ पौंड फी भरावी. ओरड झाली, तेव्हा १८८६ मध्ये दुरुस्ती होऊन २५ चे ३ झाले. त्या काळी पौंडाला १५ रुपये हा भाव पुढे स्थिर झाला, त्या हिशेबाने ४५ रुपये. रक्कम मोठी, पण एकदाच द्यायची. दिली की पावती मिळे आणि माणूस दुकान थाटून बसे.

ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर युद्ध पेटले. बहुतेक हिंदी लोक ट्रान्सवाल सोडून नाताळात, केपमध्ये किंवा मायदेशी गेले. युद्ध संपले, इंग्रजांचे राज्य झाले, आणि माणसे आपापल्या बंद दुकानांकडे परतू लागली. आता प्रत्येकाला परवाना हवा. त्यासाठी आशियाई लोकांचे निराळे खातेच उघडले. या खात्यात लाचलुचपत इतकी माजली की, खऱ्या हक्कदाराला ताटकळावे लागे आणि शंभर पौंड मोजणारा उपरा आत घुसे, अशी तक्रार गांधीजींनी नोंदवली आहे.

१९०३ साली हिंदी लोकांचे शिष्टमंडळ लॉर्ड मिल्नर यांना भेटले, तेव्हा त्यांनी जे आश्वासन दिले ते मी दोनदा वाचले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: नोंदणी ही तुमच्याच रक्षणासाठी आहे. तिची तीन पौंड फी एकदाच घेतली जाते. ज्यांनी ती जुन्या सरकारला भरली असेल त्यांनी भरल्याचे सिद्ध करावे, म्हणजे पुन्हा भरावी लागणार नाही. आणि एकदा नोंद झाली की राहण्याचा आणि जाण्यायेण्याचा हक्क कायमचा.

भरल्याचे सिद्ध करावे! मंडळी, आमच्या नातीच्या पत्रात याहून वेगळे काय होते? जे सरकार लढाईत मोडून पडले, त्याच्या कारकुनाने दहा-पंधरा वर्षांमागे दिलेला चिटोरा हाच आता माणसाच्या घरादाराचा आधार झाला होता. लढाईच्या धावपळीत कुणी तो गाठोड्यात बांधून नेला असेल, कुणाचा दुकानातच राहिला असेल. पैसे दोघांनीही सारखेच भरलेले.

तरीही लोकांनी मिल्नर यांच्या शब्दावर विसंबून नवे दाखले घेतले, अंगठे दिले. तेवढ्याने भागले का? १९०६ मध्ये नवा कायदा पुढे आला: जुने सगळे दाखले परत करा, दहाही बोटांचे ठसे द्या, नवा दाखला घ्या, आणि शिपाई मागेल तिथे दाखवा. कायमचा म्हटलेला हक्क तीन वर्षांतच शिळा झाला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली आणि हा कायदा न मानण्याची शपथ घेतली गेली. १९०७ मध्ये कायदा लागू झाला, तेव्हा नोव्हेंबर अखेर तेरा हजारांपैकी अवघ्या ५११ लोकांनी नोंदणी केली होती.

पुढे जानेवारी १९०८ मध्ये जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग कायदा मागे घेऊ, असा तिचा अर्थ गांधीजींनी घेतला. लोकांनी नोंदणी केली. कायदा मात्र मागे गेला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात तीन पायांची भली थोरली कढई मांडली गेली, आणि दोन हजारांवर दाखले रॉकेल ओतून जाळले गेले. शाळेत हा प्रसंग मी शौर्याचा म्हणून शिकवीत असे. आता वाटते की त्यात वेदनाही तेवढीच होती. ज्या कागदासाठी माणसाने फी भरली, रांगा लावल्या, तो आपल्या हाताने जाळायचा म्हणजे सोपे काम नव्हे. पण कागद लिहून देणारा शब्द पाळीत नसेल, तर त्या कागदाची किंमत काय?

दुसरे तीन पौंड नाताळचे, आणि त्यांची कथा अधिक क्रूर आहे. १८६० च्या नोव्हेंबरात 'ट्रुरो' नावाचे जहाज डर्बनला लागले, तेव्हापासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या कराराने मजूर नेले जात. त्यांना लोक गिरमिटिये म्हणत. 'अॅग्रीमेंट'चे ते गिरमिट. करार संपल्यावर हे लोक भाजीपाला पिकवू लागले, जमिनी घेऊ लागले, तेव्हा गोऱ्यांच्या डोळ्यांत ते खुपले. नाताळ सरकारने दर माणशी २५ पौंड वार्षिक कराची मागणी केली. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी तीन पौंडांना संमती दिली. योगायोग पाहा, इथेही २५ चे ३! १८९५ च्या कायद्याने ठरले की, पुढे करार करून येणाऱ्याने मुदत संपल्यावर मायदेशी परतावे, नाहीतर पुन्हा गिरमिट लिहून द्यावे, आणि दोन्ही नको असेल तर दरसाल तीन पौंड भरून राहण्याचा परवाना घ्यावा. १९०३ मध्ये सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुलीही या करात ओढल्या गेल्या.

गृहिणींनी हा हिशेब जरा मांडून पाहावा. गांधीजी सांगतात की अशा माणसाची कमाई सरासरी महिना १४ शिलिंगांहून जास्त नसे. म्हणजे वर्षाचे १६८ शिलिंग; वीस शिलिंगांचा एक पौंड, तेव्हा आठ पौंड आठ शिलिंग. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले अशा कुटुंबाचा कर बारा पौंड! घरधन्याची सगळी कमाई कराला दिली तरी साडेतीन पौंडांच्या वर कर उरतोच, आणि अजून चूल पेटायची आहे. पैसे न भरणाऱ्यांवर खटले होत, तुरुंगवास घडे. कित्येकांनी करापासून सुटण्यासाठी पुन्हा गिरमिटावर अंगठा उठवला. कायद्याला हवे होते तेच झाले.

ट्रान्सवालची पावती निदान एकदा घेतली की राहण्याचा हक्क देणारी होती. नाताळची पावती एका वर्षात मरत असे. ती तुमच्या जवळ असली तर एवढेच सिद्ध होई की, यंदापुरते तुम्ही गुलाम नाही.

इथे या कथेत आपले पुणे येते. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले केप टाउनच्या बंदरात उतरले. नाताळात मजूर पाठवणे बंद करावे, हा ठराव त्यांनीच १९१० मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात मांडला होता, आणि जुलै १९११ पासून ती भरती थांबली होती. आता तिथे असलेल्यांच्या मानेवरचा कर उतरवायचा होता.

या दौऱ्यातली एक गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. जोहान्सबर्गला काही कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू राहत होते. त्यांनी गांधीजींना गळ घातली की, गोखल्यांनी आमच्यापुढे मराठीत बोलावे. भाषांतर गांधीजी करणार होते. गोखले खो खो हसले आणि त्यांनी विचारले की, तुमचे हिंदुस्थानी मी ओळखून आहे, पण ही मराठीची विद्वत्ता कुठून आणलीत? तरी ते बोलले मराठीतच, आणि पुढे झांझिबारपर्यंत जिथे जमले तिथे मराठीतच बोलत गेले. त्या श्रोत्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. हीच कोकणी मंडळी केप टाउनलाही बरीच होती, रत्नागिरीकडून गेलेली. १९०६ च्या तिथल्या कायद्यामुळे त्यांना गावी यायचे तर आधी परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, अंगठ्याचे ठसे आणि परतण्याची मुदत. आई आजारी पडली, बोट चुकली, मुदत टळली, की परतीचा हक्क संपला.

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियात गोखले जनरल बोथा, स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांना भेटले. परत आल्यावर ते आनंदात होते. काळा कायदा जाणार, तीन पौंडांचा कर जाणार, वर्षभरात तुम्ही मायदेशी या, असे त्यांनी गांधीजींना सांगितले. गांधीजींनी शंका काढली की, या मंत्र्यांना मी ओळखतो तसे तुम्ही ओळखत नाही.

शंका खरी ठरली. १९१३ मध्ये स्मट्स यांनी सांगितले की, नाताळच्या गोऱ्यांचा विरोध असल्याने कर उठवता येत नाही. आणि असे वचन दिलेच नव्हते, असाही सूर सरकारने लावला. गोखल्यांच्या हाती काय होते? एका सज्जनाने दुसऱ्याच्या शब्दावर ठेवलेला विश्वास. जो कर रद्द व्हायचा त्याच्या पावत्या हजारो झोपड्यांत होत्या, पण तो रद्द करण्याच्या वचनाची पावती मात्र कुणाकडेच नव्हती.

आमच्या सौभाग्यवती ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढा मोठा माणूस, आणि लिहून घेतलं नाही?" मी म्हटले, "तो मोठा होता म्हणूनच बहुधा मागायला संकोचला."

पण या वचनभंगातूनच पुढचा लढा उभा राहिला. तोवर तीन पौंडांचा कर सत्याग्रहाच्या मागण्यांत नव्हता. गोखल्यांना दिलेला शब्द मोडला, तेव्हा तो घेता आला. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्सहून सोळा जणांची पहिली तुकडी निघाली आणि परवान्यावाचून ट्रान्सवालची हद्द ओलांडू लागली. वोल्क्सरस्टला सगळ्यांना अटक झाली, तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्या सोळांत कस्तुरबा होत्या. दुसऱ्या तुकडीतल्या स्त्रिया न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर गेल्या आणि कराचे कारण सांगून त्यांनी मजुरांना संपावर बोलावले. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ बाया आणि ५७ मुले सरहद्दीकडे चालू लागली. इकडे गोखले, प्रकृती ढासळलेली असताना, गावोगावहून पैसा जमवून आफ्रिकेला पाठवीत होते. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनीसुद्धा मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींची बाजू घेतली.

३० जून १९१४ रोजी गांधीजी आणि स्मट्स यांच्यात पत्रांची देवघेव होऊन तडजोड झाली. या वेळी शब्द कागदावर होते! त्या वर्षीच्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला, थकलेली बाकीही सोडून दिली गेली. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते, ते माझ्या नजरेतून आजवर निसटले होते. नाताळ सरकारने दिलेल्या रहिवासाच्या जुन्या दाखल्यावर धन्याचा अंगठा असेल आणि तो जुळला, तर तोच हक्काचा निर्णायक पुरावा मानावा. पुन्हा नवा पुरावा मागू नये. आपण दिलेला कागद आपणच मानायचा, एवढे साधे तत्त्व मिळवायला माणसांना तुरुंगात जावे लागले. गोखल्यांनी कर गेलेला पाहिला; १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पावतीची अशीच एक कथा कॅनडातही घडली आहे. तिथे १८८५ पासून येणाऱ्या चिनी माणसाकडून ५० डॉलर डोईपट्टी घेत. १९०३ मध्ये ती ५०० डॉलर झाली. भरणाऱ्याला प्रमाणपत्र मिळे. १९२३ मध्ये पट्टी गेली आणि चिन्यांना दारच बंद झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात व्हँकूवरच्या एका वृद्धाने ते जुने प्रमाणपत्र खासदार मार्गारेट मिचेल यांच्यापुढे ठेवले आणि आपले पैसे परत मागितले. मग हजारो कुटुंबांनी पेट्यांतून आपापले कागद काढले. २२ जून २००६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, आणि पट्टी भरलेल्यांपैकी जे हयात होते त्यांना वीस हजार डॉलर देण्याचे ठरले. अपमानाची पावतीसुद्धा जपून ठेवावी, ती अशी कामाला येते.

आता आमच्या घरी काय झाले ते सांगून संपवतो. नवव्या दिवशी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने मुलाच्या टपालातला नको असलेल्या पत्रांचा ढीग उपसला. त्यात, जाहिरातींच्या मध्ये, पावती होती. फी भरली त्याच दिवशी आलेली, क्रमांकासकट. ती नातीकडे गेली. नवरात्राच्या आधी परवाना आला.

माझ्या नातीची आणि गिरमिटियांची बरोबरी मी करीत नाही. ती आपखुशीने गेली आहे, आणि फी भरूनही तिच्या घरची चूल पेटते. पण त्या नऊ दिवसांत तिच्या आवाजात जी धास्ती होती, ती फार जुनी आहे. मी पैसे दिलेत हे मला ठाऊक आहे, पण ते दुसऱ्याने मान्य करीपर्यंत मी कोणीच नाही, अशी ती धास्ती.

दिवाळीला ती येणार आहे. आमच्या घरापासून जवळच आगाखान पॅलेस आहे. १९४२ मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा यांना तिथे स्थानबद्ध केले होते, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी तिथेच डोळे मिटले. भाऊबीजेच्या सकाळी नातीला त्यांच्या समाधीवर नेईन, आणि सांगेन की, ही बाई एकदा कागदावाचून सरहद्द ओलांडल्याबद्दल तुरुंगात गेली होती. तुझ्या-माझ्यासारख्यांच्या कागदाला किंमत यावी म्हणून गेली होती.

पावतीची एक छापील प्रत आमच्या सौभाग्यवतींनी मागून घेतली आहे. ती आता स्वयंपाकघरातल्या तारेवर आहे, विजेच्या बिलाच्या वर.